विंडवर्ड बेटांमध्ये शिडाच्या बोटीवर राहताना : नवख्यांसाठी मार्गदर्शन

कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला मार्टिनिक, सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडाइन्सची लहान लहान बेटे, कॅरियाकू आणि ग्रेनाडा अशी उत्तरेकडून दक्षिणेकडे पसरलेली बेटांची माळ आहे. शिडाच्या बोटीवर घर करू पाहणाऱ्या नवख्या माणसाला इतका अनुकूल समुद्र क्वचितच सापडतो. एका बेटावरून निघताना पुढचे बेट बहुधा क्षितिजावर दिसत असते, उघड्या समुद्राचा कोणताही टप्पा दिवसाउजेडी पार करता येतो, भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा असतो आणि वारा वर्षातला बहुतेक काळ पूर्वेकडूनच येतो. तरीही पहिल्या काही महिन्यांतच बोट विकून परतणारी माणसे इथे दिसतात. त्यांना वादळाने क्वचितच हरवलेले असते; पाणी संपणे, बॅटरी बसणे, नांगर घसरणे आणि त्यामुळे रात्रीची झोप उडणे यांनी ती थकलेली असतात. बोटीवर राहणाऱ्याचा फार थोडा वेळ शिडाखाली जातो आणि बाकी सगळे आयुष्य नांगरावर जाते. म्हणून या लेखात प्रवासापेक्षा मुक्कामाचा विचार अधिक केला आहे आणि मार्टिनिकहून निघून ग्रेनाडापर्यंत उतरत जाण्याचा क्रम धरला आहे.

आधी शिकावे, मग बोट घ्यावी

शीड चालवण्याचे प्राथमिक शिक्षण मुंबई बंदरात किंवा गोव्यात घेता येते आणि ते तिथेच घ्यावे, कारण वाऱ्याचे नियम सगळीकडे सारखे असतात. एक गोष्ट मात्र उलटी शिकावी लागते. भारतात बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डाव्या हाताला ठेवतात. अमेरिका खंड आणि कॅरिबियनमध्ये तो उजव्या हाताला ठेवायचा असतो. अंगवळणी पडलेली सवय इथे थेट खडकावर नेऊ शकते, म्हणून पहिले काही आठवडे प्रत्येक प्रवेशापूर्वी नकाशा पाहून हे मोठ्याने बोलून घ्यावे.

मास्क लावून पाण्याखाली निश्चिंतपणे पाहता येणे ही हौस नसून बोटीवरच्या रोजच्या कामाची गरज आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे किंवा अन्यत्र पाच-सहा मीटर खोल बुडी मारून शांतपणे वर येण्याइतका सराव करून घ्यावा.

त्यानंतर मार्टिनिकमधील ल माराँ, सेंट लुशियातील रॉडनी बे किंवा ग्रेनाडा येथून आठवडा-दोन आठवड्यांसाठी बोट भाड्याने घेऊन पाहावी. घरातल्या दोघांपैकी एकाला ही हौस आहे आणि दुसरा केवळ सोबत आला आहे, असे असेल तर ते या दिवसांतच उघड होते आणि ते तेव्हाच झालेले बरे. विकत घेताना दोघांसाठी ११ ते १३ मीटरची बोट पुरते. एका सांगाड्याची बोट स्वस्त पडते आणि वाऱ्याविरुद्ध बरी चालते. दोन सांगाड्यांची कॅटामरान नांगरावर कमी डुलते आणि उथळ पाण्यात जाते, पण तिचा गोदीचा खर्च जास्त येतो. केबिनच्या लाकूडकामाने भुलून जाऊ नये. वर सावली किती आहे, झडपांमधून वारा आत येतो का, नांगर उचलण्याचे यंत्र दमदार आहे का, पाण्याची टाकी किती मोठी आहे आणि सौर पटलांना जागा कुठे आहे, हे आधी पाहावे. बोट पाण्याबाहेर काढून स्वतंत्र तपासनिसाकडून तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

निघण्याचा काळ

नोव्हेंबर संपता संपता चक्रीवादळांचा हंगाम ओसरतो, पण डिसेंबर-जानेवारीत व्यापारी वारे जोर धरतात. या दिवसांत सलग आठवडाभर २५ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) वर वारा असणे हे नेहमीचे आहे. नवख्याने फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये मार्टिनिकहून निघावे, असे माझे मत आहे. तेव्हा वारा बहुधा १५ ते २० नॉट असतो आणि ईशान्य-पूर्वेकडून येत असल्यामुळे दक्षिणेला जाताना तो बाजूने किंवा थोडा मागून मिळतो. मे अखेरीपर्यंत, घाई न करता, ग्रेनाडाला पोहोचता येते.

बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला डोंगराच्या आडोशामुळे वारा पडतो आणि इंजिन लावावे लागते. मात्र बेटाचे टोक ओलांडताच तोच वारा दीडपट होऊन अंगावर येतो आणि समुद्राचा प्रवाह बोटीला पश्चिमेकडे ढकलू लागतो. म्हणून टोकाच्या अलीकडे, शांत पाण्यात असतानाच शीड लहान करून घ्यावे आणि होकायंत्रावर मुक्कामाच्या थोडे पूर्वेकडचे लक्ष्य धरावे. मार्टिनिक ते सेंट लुशिया हा टप्पा सुमारे २५ सागरी मैलांचा आहे. सेंट लुशिया आणि सेंट व्हिन्सेंट यांमधला उघडा समुद्रही जवळपास तेवढाच आहे, पण तिथल्या लाटा अधिक खडबडीत असतात. कॅरियाकूहून ग्रेनाडाला उतरताना वाटेत ‘किक एम जेनी’ हा पाण्याखालचा जिवंत ज्वालामुखी लागतो. त्याच्याभोवती नेहमी दीड किलोमीटरचे आणि हालचाल वाढल्यास पाच किलोमीटरचे प्रतिबंधित वर्तुळ असते. निघण्यापूर्वी त्याची त्या दिवसाची स्थिती पाहून मगच मार्ग आखावा.

कागदपत्रे आणि परवानग्या

या माळेत तीन स्वतंत्र देश आणि फ्रान्सचा एक भाग आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी एका ठिकाणाहून रीतसर निघण्याची आणि दुसऱ्या ठिकाणी रीतसर शिरण्याची नोंद करावी लागते. बोटीची नोंदणी, विमा, माणसांची यादी, पासपोर्ट आणि मागच्या बंदराचा निर्गमन दाखला एका जलरोधक पिशवीत ठेवावा. नव्या देशात शिरताना पिवळा झेंडा चढवावा, कप्तानाने एकट्याने किनाऱ्यावर जाऊन नोंद करावी आणि ती पूर्ण झाल्यावरच पिवळा उतरवून त्या देशाचा झेंडा लावावा. तोवर बाकीच्यांनी बोटीवरच थांबायचे असते. ग्रेनाडा, सेंट लुशिया आणि सेंट व्हिन्सेंट येथे ‘सेलक्लिअर’ या संगणकीय प्रणालीत माहिती आधी भरता येते. मार्टिनिकमध्ये ठरावीक दुकानांतल्या संगणकावर स्वतःच अर्ज भरून शिक्का घेता येतो.

भारतीय पासपोर्टधारकांनी मार्टिनिकबाबत विशेष सावध असावे. ते फ्रान्सचे असले तरी शेंगेन क्षेत्रात मोडत नाही, त्यामुळे युरोपसाठी काढलेला साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. फ्रान्सच्या सागरापार प्रदेशांसाठी वेगळा व्हिसा मागावा लागतो. तो जमत नसेल तर प्रवास सेंट लुशियाहून सुरू करावा. काही बिघडत नाही. विमानाने येऊन बोटीवर रुजू होणाऱ्याकडे परतीचे तिकीट नसेल, तर बोटीच्या कप्तानाचे पत्र आणि नोंदणीची प्रत जवळ असावी, अन्यथा विमान कंपनी बसूच देत नाही. आणखी एक नियम अनेकांना माहीत नसतो : या तिन्ही देशांत सैनिकी ठिपक्यांचे कपडे घालणे नागरिकांना कायद्याने मना आहे, अशी टोपी किंवा अर्धी विजारही बरोबर आणू नये.

नांगर

या एका विषयावर प्रभुत्व आले की बोटीवरचे आयुष्य सुखाचे होते, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

नव्या खाडीत सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेतच पोहोचावे. सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असला तरच पाण्याचा रंग वाचता येतो. गडद निळे पाणी खोल असते. फिकट हिरवट-निळे म्हणजे तीन ते पाच मीटरवर स्वच्छ वाळू. तपकिरी किंवा पिवळट रंग म्हणजे प्रवाळ. आणि काळपट हिरवे डाग समुद्री गवताचे असतात. ध्रुवीकृत काचांचा चष्मा लावून एकाने पुढच्या टोकावर उभे राहावे. ढगाची सावलीही गवतासारखी दिसते, पण ती सरकते. नांगर नेहमी वाळूतच टाकावा. गवतात तो वरवर धरल्यासारखा वाटतो आणि रात्री सुटतो. प्रवाळावर टाकणे हा तर अपराधच आहे, कारण साखळीच्या एका फेऱ्यात जे मोडते ते पुन्हा वाढायला अनेक दशके लागतात.

वाऱ्याकडे तोंड करून अगदी सावकाश जागेवर यावे आणि बोट पूर्ण थांबल्यावर नांगर तळापर्यंत सोडावा. साखळीचा ढीग नांगरावर पडू न देता, वारा बोटीला मागे नेऊ लागला की त्या गतीने साखळी सोडत जावी. किती सोडायची याचा हिशोब पाण्याच्या खोलीत बोटीच्या पुढच्या टोकाची उंची मिळवून करतात. खोली पाच मीटर आणि टोकाची उंची दीड मीटर असेल, तर साडेसहाच्या पाचपट म्हणजे साधारण ३३ मीटर साखळी हवी. वारा वाढण्याचा अंदाज असेल तर सातपट, म्हणजे ४५ मीटरच्या वर. बारा मीटरच्या बोटीवर दहा मिलिमीटर जाडीची किमान ६० मीटर साखळी असावी, असे मी यासाठीच सांगतो. साखळी ताठ झाल्यावर इंजिन उलट्या दिशेने हळूहळू वाढवत न्यावे आणि अर्धा मिनिट जोर धरून ठेवावा. या वेळी किनाऱ्यावरच्या दोन खुणा, उदाहरणार्थ एक झाड आणि त्यामागचे घर, एका रेषेत धरून पाहाव्यात. त्या एकमेकींपासून सरकल्या तर नांगर बसलेला नाही. अशा वेळी आशा न धरता तो उचलून पुन्हा टाकावा, चार वेळा टाकावा लागला तरी.

मग साखळीला नायलॉनचा लवचिक दोर अडकवून तो डेकवरील खुंट्यांना बांधावा, म्हणजे लाटांचे हिसके यंत्राऐवजी दोर सोसतो. यानंतर मास्क लावून पाण्यात उतरावे आणि नांगर प्रत्यक्ष पाहावा. त्याचे पाते वाळूत पूर्ण गाडले गेलेले दिसले की रात्री झोप लागते. मोबाइलवर जीपीएसचा इशारा लावावा आणि अंधार पडताच डोलकाठीच्या टोकावरचा पांढरा दिवा चालू करावा.

आधी नांगरलेल्या बोटीचा हक्क पहिला असतो. नंतर आलेल्याने आपली बोट तिच्या फेऱ्यात येत असेल तर हलवावी आणि ती विनातक्रार हलवावी. रात्री दोन वाजता पावसाची सर वाऱ्यासकट आली आणि नांगर घसरू लागला, तर सर्वांत आधी इंजिन सुरू करावे आणि बाकीचे सगळे त्यानंतर. किल्ली, विजेरी आणि रेनकोट रोज रात्री ठरलेल्या जागी ठेवण्याचे कारण हेच आहे.

सेंट लुशियात पिटन्सच्या पायथ्याशी नांगर टाकण्यास मनाई आहे. हे दोन सुळके २००४ पासून जागतिक वारशात आहेत आणि खालचे प्रवाळ सागरी उद्यानात मोडते. तिथे पैसे भरून बांधीव मूरिंग, म्हणजे तळाशी पक्का बसवलेला बोट बांधण्याचा बोया, घ्यावे लागते. मूरिंग मिळाले म्हणजे निश्चिंत झालो, असे समजू नये : त्याचा दोर आणि खालची कडी बुडी मारून तपासावी. ग्रेनाडाइन्समधील टोबॅगो केजमध्ये हॉर्सशू रीफ या प्रवाळरांगेच्या आडोशाला उघड्या अटलांटिकसमोर मुक्काम होतो. लाटा प्रवाळावर फुटतात, पण वारा अडवायला काहीच नसते. तिथे नेहमीपेक्षा अधिक साखळी सोडावी आणि कासवे चरत असलेल्या पट्ट्यात डिंगीचे (किनाऱ्यावर ये-जा करण्याच्या लहान होडीचे) इंजिन अगदी मंद ठेवावे.

पाणी आणि वीज

काटकसरीने वागणाऱ्या माणसाला रोज १० ते १५ लिटर गोडे पाणी पुरते. ४०० लिटरच्या टाकीवर दोघांचे सुमारे दोन आठवडे निघतात. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी गोड्या पाण्याने विसळावीत; आंघोळही समुद्रात करून एक-दोन लिटर गोडे पाणी अंगावरून घ्यावे, नाहीतर मीठ अंगावर राहून पुरळ उठते. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र सोयीचे असते, पण गर्दीच्या बंदरात ते चालवू नये, कारण पाण्यातल्या तेलाचा अंश त्याचा पडदा कायमचा निकामी करतो. २०११ पासून या समुद्रात सार्गासम हे तरंगते शेवाळ मोठ्या प्रमाणावर येऊ लागले आहे; ते यंत्राच्या जाळीत आणि इंजिनाच्या पाण्याच्या नळीत अडकते, म्हणून गाळण्या वरचेवर उघडून पाहाव्यात.

विजेचा सर्वांत मोठा ग्राहक फ्रीज असतो. ४०० वॅटच्या सौर पटलांतून इथल्या उन्हात दिवसाला साधारण दीड युनिट वीज मिळते, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे १२० अँपिअर-तास. फ्रीज, दिवे, पंखे आणि मोबाइल यांना ते पुरते. मात्र पटलाच्या एका कोपऱ्यावर जरी दोरीची किंवा शिडाच्या दांड्याची सावली पडली, तरी उत्पादन सावलीच्या मानाने कितीतरी अधिक घटते. नांगरावर असताना तो दांडा बाजूला ओढून बांधावा. जुन्या शिशाच्या बॅटऱ्या निम्म्याखाली उतरू देऊ नयेत.

स्वयंपाकघर

गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळाला तर बोटीच्या तळाशी साचून राहतो. एका ठिणगीने बोट जाते. म्हणून सिलिंडर बाहेरच्या, खालून समुद्राकडे भोक असलेल्या खणातच असावा आणि प्रत्येक स्वयंपाकानंतर त्याची मुख्य चावी बंद करावी. आपला प्रेशर कुकर मात्र बोटीवरचे सर्वोत्तम भांडे आहे : गॅस वाचतो, केबिन कमी तापते आणि झाकण घट्ट असल्याने हेलकाव्यात वरण सांडत नाही.

बाजारातला पुठ्ठ्याचा एकही खोका बोटीवर आणू नये, कारण त्याच्या पन्हळीत झुरळांची अंडी असतात आणि एकदा शिरलेली झुरळे महिनोन्‌महिने जात नाहीत. फ्रीजमध्ये कधीच न ठेवलेली अंडी आणि भाज्या घ्याव्यात, त्या बाहेर अधिक टिकतात. मराठी जिभेला इथे फारसे परके वाटत नाही. कोकणातले नीरफणस इथे घरोघरी खातात. १७९३ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या कॅप्टन ब्लायने त्याची रोपे सेंट व्हिन्सेंटला आणली होती. त्याचे काप रवा लावून तळावेत. बाजारात कॅलालू म्हणून मिळणारी पाने बहुधा अळूचीच असतात. एकोणिसाव्या शतकात करारावर आणलेल्या भारतीय मजुरांमुळे या बेटांवर हळद-मसाल्याची पूड, वाटाण्याची डाळ आणि ‘रोटी’ सहज मिळते.

स्वतः पकडलेल्या माशाबद्दल सावध असावे. प्रवाळावरच्या मोठ्या माशांत, विशेषतः बाराकुडात, सिग्वाटेरा हे विष असू शकते आणि ते शिजवून नष्ट होत नाही. खोल समुद्रात गळाला लागलेला टूना किंवा माही-माही खावा; किनाऱ्यावरचा मासा स्थानिक कोळ्याला विचारूनच घ्यावा.

डिंगी आणि किनारा

डिंगी म्हणजे बोटवाल्याची दुचाकी आहे आणि तशीच ती चोरीलाही जाते. धक्क्यावर तिला साखळी-कुलूप लावावे आणि रात्री ती इंजिनासकट पाण्याबाहेर उचलून ठेवावी. चालवताना इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला अडकवलेली असलीच पाहिजे; माणूस पाण्यात पडल्यावर गोल फिरत परत येणारी डिंगी जीव घेते.

सेंट व्हिन्सेंट आणि सेंट लुशियात खाडीत शिरताच होड्यांतून तरुण येतात आणि दोर बांधून देणे, फळे विकणे, फेरफटका घडवणे अशा सेवा देऊ करतात. हा त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. आधी नमस्कार, मग विचारपूस, मग भाव, हा क्रम पाळावा. इथे ‘गुड मॉर्निंग’ आणि मार्टिनिकमध्ये ‘बोंजूर’ न म्हणता थेट कामाला हात घालणे उद्धटपणाचे मानतात. भाव काम सुरू होण्यापूर्वी ठरवावा आणि नको असेल तर हसून स्पष्ट नाही म्हणावे. पूर्व कॅरिबियन डॉलर १९७६ पासून अमेरिकी डॉलरला २.७० या दराने बांधलेला आहे, म्हणून भाव कोणत्या डॉलरमध्ये सांगितला, हे विचारून घ्यावे.

किनाऱ्यावर हिरव्या, लहान सफरचंदासारखी फळे असलेले मँचिनील नावाचे झाड आढळते. त्याचे फळ विषारी असते, चीक कातडीवर फोड आणतो आणि पावसात त्याखाली उभे राहिल्यास गळणारे पाणीही भाजते. मुलांना हे झाड पहिल्याच दिवशी दाखवून ठेवावे. डेंग्यू इथे आहे. सकाळ-संध्याकाळ झडपांना जाळ्या लावाव्यात.

जून येताना

चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा आहे. ग्रेनाडा १२ अंश अक्षांशावर आहे आणि अनेक विमा कंपन्या साधारण तिथेच आपली सुरक्षित रेषा ओढतात. परंतु सप्टेंबर २००४ मध्ये ‘आयव्हन’ने ग्रेनाडा उद्ध्वस्त केले होते आणि १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ चौथ्या श्रेणीच्या ताकदीने कॅरियाकूवर धडकले. टायरल बेच्या कांदळवनात आसऱ्याला गेलेल्या अनेक बोटीही त्यात मोडल्या. म्हणून दक्षिणेला आलो म्हणजे सुटलो, असे धरून चालू नये.

पहिल्या वर्षी बोट पाण्याबाहेर काढून ठेवावी, असे मी नवख्यांना सांगतो. ग्रेनाडाच्या दक्षिण किनाऱ्यावर किंवा सुमारे ८० सागरी मैलांवरच्या त्रिनिदादमधील शाग्वारामास येथे यासाठी गोद्या आहेत; तिथली जागा मार्चमध्येच राखून ठेवावी लागते. बोट टेकूंवर उभी केली की जमिनीतल्या नांगरांना पट्ट्यांनी बांधून घ्यावी. शिडे, सावलीचे कापड आणि डेकवरची प्रत्येक सुटी वस्तू खाली न्यावी, पाण्याच्या यंत्रात संरक्षक द्रावण भरावे, गॅस उतरवावा आणि धान्याचा एकही डबा मागे ठेवू नये. ज्यांना पाण्यातच राहायचे आहे, त्यांनी मायामीच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राचे दिवसातून चार वेळा निघणारे अनुमान वाचण्याचा नेम धरावा आणि कोणत्या टप्प्यावर, कोणत्या दिशेने निघायचे हे जूनपूर्वीच लिहून ठेवावे. त्या निर्णयासाठी इंधनाची टाकी, पाण्याची टाकी आणि बोटीचा तळ, तिन्ही हंगामभर तयार असले पाहिजेत. शेवाळ आणि शिंपले चिकटलेली बोट निम्म्या वेगाने चालते, म्हणून दर पंधरवड्याला बुडी मारून इंजिनाचा पाण्याखालचा पंखा आणि बोटीचा तळ खरवडून घ्यावा.